दिवाणजीचं पायथन: एक्सरसिझम दीड वर्ष वापरल्यावर

मी इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी आहे. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, दिवाणजी म्हणजे मुनीम, कारकून, हजेरीवाला आणि वीज गेली की मालकाच्या वाटच्या शिव्या ऐकणारा, असा चारही कामांचा एकच माणूस. वय सत्तेचाळीस. शिक्षण बी.कॉम., शेवटचं वर्ष दोनदा बसून. गेल्या दीड वर्षात मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो. फार नाही, आठवड्याचा पगार काढणारा प्रोग्राम स्वतः लिहिता येईल एवढंच. जिथे शिकलो त्या वेबसाइटचं नाव एक्सरसिझम. भाच्याने सांगितलं नसतं तर मला ते कधी कळलंही नसतं, म्हणून हा अभिप्राय जरा ऐसपैस लिहितोय.

आधी माझी अडचण काय होती ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कापडात एका इंचात आडवे धागे किती, त्याला पिक म्हणतात. विणणाऱ्याची मजुरी मीटरवर असते, पण मीटरचा दर पिकावर ठरतो. आमच्याकडे ५२ पिकाचा दर ठरला की बाकीचे त्याच्या प्रमाणात. समजा ५२ पिकाला मीटरमागे एक रुपया धरला, तर ६० पिकाला एक रुपया पंधरा पैसे, आणि वर पैशाचा एक तुकडा, जो कधीच नीट संपत नाही. त्यात एकाच शेडमध्ये तीन-चार क्वालिटी, म्हणजे कापडाचे प्रकार, चालू. बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपलं की कामगार आठवड्याच्या मधेच दुसऱ्या क्वालिटीवर जातो. शनिवारी दुपारी पगार. शुक्रवारी रात्री मी आणि माझी एक्सेलची फाइल, जिच्यात बावीस पानं होती आणि कुठलं पान कुठल्या पानातून आकडा उचलतं हे फक्त मला माहीत होतं. पुढे पुढे मलाही नाही.

पुण्याचा भाचा गणपतीला आला होता, त्याने ती फाइल पाहिली. म्हणाला, "मामा, उद्या तुम्हाला ताप आला तर कारखान्यात पगार होणार नाही." खरं होतं.

मग मी केलं ते सगळे करतात तेच. एका क्लासला पैसे भरले. नाव लिहीत नाही. अठरा हजार रुपये, तीन महिने, शेवटी सर्टिफिकेट. सर प्रोजेक्टरवर टाइप करायचे, आम्ही बघून उतरवायचो. चाललं की टाळ्या, नाही चाललं तर सर येऊन आपल्याच हाताने दुरुस्त करून जायचे. माझ्या बाजूला अकरावीतली पोरं. मी काही विचारलं की ती एकमेकांकडे बघायची. तीन महिन्यांनी माझ्याकडे चाळीस प्रोग्राम होते, आणि त्यातला एकही कोऱ्या पानावरून मला परत लिहिता येत नव्हता.

नंतर इंटरनेटवर एका नावाजलेल्या ठिकाणी प्रश्न विचारला. आधी डिक्शनरी घेऊन अर्धा तास इंग्रजी जुळवलं. दहा मिनिटांत प्रश्नाला कुलूप. हे आधीच विचारलेलं आहे, तिकडे बघा. तिकडे गेलो तर उत्तर अशा भाषेत, की ते समजत असतं तर विचारलंच नसतं. वर प्रश्नाला उणे तीन गुण. घरची माणसं झोपल्यावर हे सगळं करत होतो, म्हणून निदान कुणी पाहिलं नाही.

एक्सरसिझमची लिंक भाच्यानेच पाठवली. मी दोन महिने उघडली नाही. परत उणे गुण घ्यायची हौस नव्हती.

आता मुद्द्याचं. हे ठिकाण फुकट आहे, आणि 'पहिले सात दिवस फुकट'वालं फुकट नाही, खरंच फुकट. कॅटरिना ओवेन नावाच्या प्रोग्रामर बाईंनी २०१३ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांच्या सरावासाठी सुरू केलं. आता ती ना-नफा संस्था आहे आणि सत्तरहून जास्त प्रोग्रामिंग भाषांचे सराव तिथे आहेत. तुम्ही भाषा निवडायची, एकेक छोटा प्रश्न सोडवायचा. प्रश्नाबरोबर चाचण्या तयार असतात. बटण दाबलं की तुमचा कोड त्या चाचण्यांतून जातो, पास झालेल्या हिरव्या, नापास लाल. ब्राउझरमध्येच लिहिता येतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. माझ्यासाठी हे मोठं, कारण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काही नवीन टाकायचं तर मालकाला विचारावं लागतं, आणि मालकाला विचारायचं तर कारण सांगावं लागतं.

पायथनमधला सुरुवातीचाच एक धडा लसान्यावर आहे. ज्यांनी पायथन बनवली त्या गिडो वॅन रॉसम यांच्या नावाने आहे, गिडोचा फर्मास लसान्या. आता इचलकरंजीत लसान्या कोण खातो? बायकोला विचारलं, तिने यूट्यूबवर बघून सांगितलं की मैद्याच्या चपात्यांचे थर लावून वर चीज घालून भाजतात. गणित सोपं आहे. भट्टीत चाळीस मिनिटं, प्रत्येक थर लावायला दोन मिनिटं, तर इतके थर आणि इतका वेळ भाजून झाला तर एकूण किती मिनिटं गेली. मला ते बघितल्याबरोबर ओळखीचं वाटलं. बीम भरायला इतका वेळ, एवढे माग, तर शेड केव्हा चालू होणार, हा हिशेब मी रोज तोंडी करतो. क्लासमध्ये तीन महिने फंक्शन फंक्शन ऐकलं, पण फंक्शन म्हणजे आकडे दिले की ठरलेला हिशेब करून उत्तर देणारा कोडचा तुकडा, हे मला थर मोजताना कळलं.

पण एवढ्यावर मी पाच तारे दिले नसते. सराव देणारी ठिकाणं पुष्कळ आहेत. इथली खरी वस्तू वेगळी आहे. चाचण्या पास झाल्यावर तुम्ही मेंटॉर मागू शकता. म्हणजे जगात कुठेतरी बसलेला, पगार न घेणारा एक माणूस तुमचा कोड उघडतो, वाचतो आणि तुमच्याशी लिहून बोलतो.

मी पहिल्यांदा मेंटॉर मागितला तो लीप वर्षाच्या गणितासाठी. वर्ष दिलं, ते लीप आहे का नाही ते सांगायचं. नियम शाळेतला: चारने भाग गेला तर लीप, पण शंभरने गेला तर नाही, पण चारशेने गेला तर परत हो. मी अकरा ओळी लिहिल्या. जर असं तर आत जा, आत परत जर, नाहीतर बाहेर ये. आमच्या जुन्या शेडच्या वायरिंगसारखं. पण सगळ्या चाचण्या हिरव्या. क्लासमध्ये असतो तर इथे टाळ्या झाल्या असत्या.

विनंतीत मी 'रिस्पेक्टेड सर' असं लिहून सुरुवात केली होती. दुसऱ्या दिवशी मेल आला. मजकुराचा आशय असा: कोड बरोबर आहे, अभिनंदन. सर म्हणायची गरज नाही. आता एक प्रश्न. दर चार वर्षांतली तीन वर्षं कुठल्या एका कसोटीने पहिल्याच फटक्यात बाद होतात? ती कसोटी तुमच्या कोडमध्ये कितव्या नंबरला आहे?

बस्स. उत्तर नाही, दुरुस्त केलेला कोड नाही. एक प्रश्न.

मी आधी चारशेने भाग जातो का ते बघत होतो, मग शंभर, मग चार. म्हणजे हजार वर्षं तपासायची झाली तर जवळपास प्रत्येक वर्षाला तिन्ही दारं हिंडवून आणत होतो. चारची कसोटी आधी घेतली तर साडेसातशे वर्षं पहिल्याच दारातून परत. हे मी ऑफिसात कागदावर मांडत बसलो होतो, भिंतीपलीकडे माग खडखडत होते, आणि जॉबर, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा मिस्त्री, आत येऊन विचारून गेला, "दिवाणजी, कुठली क्वालिटी बसवताय?"

दुरुस्त करून पाठवलं. दुसरा प्रश्न आला: तुम्ही लिहिलंय की ही गोष्ट खरी असेल तर 'खरं' सांग, नाहीतर 'खोटं' सांग. पण ती गोष्ट मुळातच खरी किंवा खोटी आहे ना? मग मधे 'असेल तर' कशाला?

याला मला दोन दिवस लागले. मग स्वतःलाच मराठीत समजावलं. कॅश जुळली का, असं मालकाने विचारलं तर मी 'जुळली असेल तर जुळली म्हणतो, नसेल तर नाही म्हणतो' असं सांगत नाही. जुळली, एवढंच सांगतो. अकरा ओळींची एक ओळ झाली. ती ओळ मोठ्याने वाचली तर शाळेतल्या नियमासारखीच वाचता येते.

चौथ्या की पाचव्या निरोपात कळलं की 'रिस्पेक्टेड सर' या बाई आहेत. त्या काही बोलल्या नव्हत्या. मीच ओशाळलो.

त्याच बोलण्यात त्यांनी जाता जाता १९०० सालची गोष्ट सांगितली. १९०० ला शंभरने भाग जातो, चारशेने जात नाही, म्हणजे ते लीप नाही. पण एक्सेल त्याला लीप धरतं. उघडून बघा, २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख एक्सेल मुकाट्याने घेतं. लोटस वन-टू-थ्री नावाच्या त्याच्या आधीच्या प्रोग्राममध्ये ती चूक होती, आणि जुन्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती मुद्दाम तशीच ठेवली. मी वीस वर्षं एक्सेलवर बसतोय. त्या दिवशी मला एवढा आनंद झाला की कारखान्यातल्या तिघांना बोलावून ती तारीख दाखवली. दोघांना काही वाटलं नाही. तिसऱ्याने, वहिफणीवाल्याने (फणीतून धागे भरणाऱ्याने) मात्र बरोबर ओळखलं. म्हणाला, फणीत एक धागा चुकून भरला की पूर्ण ताग्याला रेघ पडते, आणि बीम अर्ध्यावर आलं की कुणी ते सोडवत बसत नाही, तसंच चालवतात. बरोबर तेच.

आमच्या धंद्यात मागावर बसायला कुणी फळ्यावर शिकवत नाही. नवीन पोरगा जुन्या विणकराच्या बाजूला उभा राहतो. धागा तुटला की जुना माणूस नुसतं बोट दाखवतो, गाठ पोरानेच मारायची. जो जॉबर पोराच्या हातातून धागा काढून घेतो त्याच्या हाताखाली कुणी तयार होत नाही. एक्सरसिझमवरचे चांगले मेंटॉर बोट दाखवणारे आहेत. मला आतापर्यंत नऊ जण मिळाले, एक सोडून बाकी असेच. त्या एकाने पहिल्याच निरोपात पूर्ण उत्तर लिहून दिलं. वाईट हेतू नसेल, घाईत असेल. पण त्या गणितातलं मला आज काही आठवत नाही.

आता खुद्द पगाराचं. सहा महिन्यांनी मी धीर करून पगाराचा प्रोग्राम लिहिला आणि दोन आठवडे वहीच्या बरोबरीने चालवला. तिसऱ्या शनिवारी प्रोग्रामच्या यादीवर पाकिटं भरली. तासाभरात दोन कामगार दारात. एकाचा हिशेब २,३४६ रुपये ५० पैसे, पाकिटात २,३४६. दुसऱ्याचा १,९८३ रुपये ५० पैसे, पाकिटात १,९८४. "दिवाणजी, त्येला वाढवून आन् मला कापून? ह्यो कुठला न्याय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत आम्ही पन्नास पैसे आले की वरचा रुपया देतो, बापजाद्यांपासून. प्रोग्राममध्येही मी पूर्ण रुपया करायचं पायथनचंच तयार फंक्शन वापरलं होतं. पहिल्याला खिशातून एक रुपया दिला आणि रात्री बसलो.

हा प्रश्न सरावातला नव्हता, त्यामुळे मेंटॉरकडे मागता येत नाही. पण एक्सरसिझमच्या लोकांचा डिस्कॉर्डवर गप्पांचा अड्डा आहे, तिथे विचारलं. कुलूप पडेल म्हणून आधीच माफी मागून ठेवली होती. वीस मिनिटांत तिघे आले. पहिल्याने विचारलं, हिशेब दोघांचाही पन्नास पैशांवर होता का? रुपये सम होते का विषम? २,३४६ सम. १,९८३ विषम. तेव्हा उलगडलं: पायथन बरोबर अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम आकड्याकडे नेतं. अडीचचे दोन करतं आणि साडेतीनचे चार. बँकांच्या पद्धतीचं हे राउंडिंग, हजारो आकड्यांची बेरीज एकाच बाजूला फुगू नये म्हणून. मोठ्या बेरजेला ठीक आहे. पण पाकीट घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला बेरीज सांगून काय उपयोग?

दुसऱ्याने आणखी एक खोलातलं सांगितलं. कॉम्प्युटर दशांशाचे आकडे अर्धा, पाव, अष्टमांश अशा निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या अपूर्णांकांत साठवतो, त्यामुळे त्याला एक दशांशसुद्धा अचूक मांडता येत नाही. शून्य पूर्णांक एक आणि शून्य पूर्णांक दोन यांची बेरीज पायथनला विचारा, शेपटाला एक चार चिकटलेला दिसेल. म्हणून पैशाचा हिशेब रुपयात करायचाच नाही. शेवटचा हिशेब पैशात आणायचा, पूर्ण आकड्यांत. मग त्यात पन्नास मिळवायचे, शंभरने भागायचं आणि बाकी सोडून द्यायची. २,३४,६५० पैसे, अधिक ५०, भागिले शंभर: २,३४७. वहीची पद्धत जशीच्या तशी. इथेही शेवटची ओळ मीच लिहिली. त्यांनी फक्त विचारलं, पन्नास मिळवले तर काय होईल?

त्यानंतर पाकिटावरून दारात कुणी आलेलं नाही. उचल किती कापली यावरून येतात, त्याला पायथनचा इलाज नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी, कारण नुसतं कौतुक लिहिलं तर जाहिरात वाटेल.

सगळं इंग्रजीत आहे. प्रश्न, सूचना, बोलणं, सगळं. माझं इंग्रजी व्हाउचरपुरतं. मी मोबाइलवर भाषांतर करून वाचतो, आणि लिहिताना लहान वाक्यं लिहितो. माझ्या व्याकरणावर कुणी बोट ठेवलं नाही, पण पहिल्या महिन्यात एक प्रश्न समजायलाच संध्याकाळ जायची. दुसरं, ज्याने आयुष्यात कोडची ओळ पाहिलेली नाही त्याला पायथनचे इथले धडे दाट वाटतील. एका धड्याआधी वाचायला दोन-तीन पानं. मला क्लासचा निदान एवढा उपयोग झाला की चिन्हं ओळखीची होती. अगदी कोऱ्या माणसाने आधी दुसरीकडे थोडं बघून यावं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतून धडे आहेत. इंग्रजी ऐकायला जमत असेल तर हार्वर्डचे डेव्हिड मेलन यांचा पायथनचा कोर्स फुकट आहे, आणि तो माणूस शिकवतो झकास.

तिसरं, मेंटॉर स्वयंसेवक आहेत, त्यांना वेळ मिळेल तेव्हा येणार. उत्तर तासाभरात येईल किंवा तीन दिवसांनी. घाई असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. आणि एक मोह सांभाळा. प्रश्न सोडवला की इतरांची उत्तरं बघायला मिळतात. त्यातल्या काहींनी माझ्या वीस ओळींचं काम दीड ओळीत केलेलं असतं. सुरुवातीला ते बघून मी आठवडाभर लॉगिन केलं नव्हतं. नंतर त्याच बाईंनी सांगितलं की त्यातली निम्मी करामत असते, आणि सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाच ती वाचता येत नाही. माझी बावीस पानांची एक्सेल आठवली.

कुणासाठी आहे? ज्याच्याकडे स्वतःचा एक खरा हिशेब अडलेला आहे त्याच्यासाठी. दुकानाची उधारी असेल, दूध डेअरीचं फॅट असेल, भिशी असेल. नोकरी लावून देतो असं हे ठिकाण कुठेही म्हणत नाही, आणि सर्टिफिकेट भिंतीवर लावायचं असेल तर माझं घेऊन जा, कपाटाच्या मागे पडलंय.

मालकांना गेल्या महिन्यात सगळं दाखवलं. त्यांनी पगाराची यादी वहीशी ताडून बघितली, तीन आकडे कॅल्क्युलेटरवर स्वतः केले आणि विचारलं, "हे फुकट आहे म्हणतोस, मग ती माणसं खातात काय?" मी म्हणालो, देणग्यांवर चालतं. ते म्हणाले, "तू दिलीस?"

दिली नव्हती. त्या रात्री द्यायला बसलो तर माझं डेबिट कार्ड परदेशी व्यवहाराला बंद. शेवटी भाच्याच्या कार्डावरून पाच डॉलर गेले आणि त्याला मी रुपये पाठवले. घरखर्चाची माझी वेगळी वही आहे, तिच्यात 'शिकवणी' असं एक खातं आहे. त्या खात्यावर वर अठरा हजारांची नोंद. तिच्याखाली ही लिहिली.